हरवले-सापडले खोलीतली चित्रं

माझ्या मावशीचा आवाज आमच्या गावात सगळ्यांना माहीत होता, तोंड मात्र फार थोड्यांना. ती बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. काचेची एवढीशी खोली, समोर माइक, बाजूला वेळापत्रक. कुठली गाडी कितव्या फलाटावर लागली, कुठली रद्द झाली, कुणाचं पाकीट सापडलं, कुणाचं लेकरू चुकलं, हे सगळं गावाला तिच्याकडून कळायचं. बाजारात तिने नुसतं "अर्धा किलो द्या" म्हटलं की भाजीवाला मान वर करून म्हणायचा, "तुम्ही त्या गाडीवाल्या बाई ना?" मावशीला ते मनातून आवडायचं. वरवर ती म्हणायची, "माप नीट करा."

घरी तिला बोलायची संधी कमीच. कारण तिच्या यजमानांचं, म्हणजे काकांचं, सलून. स्थानकाच्या मागच्या गल्लीत दोन खुर्च्यांचं दुकान, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून काका दमत नसत. उलट घरी येईपर्यंत त्यांची गाडी चांगली तापलेली असे.

पन्नाशीच्या पुढेमागे मावशीचा घसा बसायला लागला. आधी गुळण्या झाल्या, मग गोळ्या झाल्या, शेवटी घशाच्या डॉक्टरांकडे जावं लागलं. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, "स्वरतंतूंवर गाठी आहेत. घाबरायचं काही नाही, काढून टाकू. पण नंतर महिनाभर मौन. एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही."

काकांनी गंभीरपणे विचारलं, "डॉक्टर, मी बोललो तर चालेल ना?"

डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला कोण थांबवणार?"

ऑपरेशन नीट पार पडलं. मावशी घरी आली आणि पाटी-खडू घेऊन बसली. पहिले काही दिवस बरे गेले. मग तिला घर खायला उठलं. टीव्ही बघवेना, वाचून वाचून डोळे दुखायला लागले. शेजारणी यायच्या, स्वतःचं बोलून जायच्या आणि जाताना म्हणायच्या, "बरं वाटलं हो तुमच्याशी बोलून."

एका दुपारी कपाटाचा वरचा खण आवरताना तिला लेकीचा शाळेतला रंगांचा डबा सापडला. लेक, म्हणजे माझी मावसबहीण, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. वड्या तडकल्या होत्या, पण पाणी लागल्यावर रंग सुटत होता. मावशीने वहीच्या कोऱ्या पानावर चित्र काढलं. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. आपण सगळ्यांनी चौथीत काढलं तेच. मला तिने ते दाखवलं तेव्हा मी "छान आहे" म्हटलं. तिने पाटीवर लिहिलं, "खोटं बोलू नकोस. पालथी घमेली वाटतात."

ती खरंच वाटत होती. मावशीने आयुष्यात डोंगर पाहिले ते बसच्या खिडकीतून, तेही डुलक्या घेता घेता.

दुसऱ्या दिवशी ती मोरीच्या दारात स्टूल टाकून बसली आणि समोरची बादली काढायला लागली. पत्र्याची जुनी बादली. कडेला एक पोचा, कडीला लाकडी मूठ, मुठीला मध्ये चीर. का बादली, असं मी नंतर विचारलं तर म्हणाली, "समोर होती." पण बसल्यावर तिला कळेना की हिला रंग कोणता द्यायचा. करडा म्हणावा तर कुठेच नुसता करडा नव्हता. खिडकीच्या बाजूला आभाळाचा निळसर रंग, फरशीकडच्या अंगाला तांबूस, पोच्यामध्ये एक काळी रेघ आणि तिला लागून इतकं लख्ख पांढरं की तिथे कागद तसाच कोरा सोडावा लागला. त्या बादलीने ती पंचवीस वर्षं पाणी भरत होती. पोचा आहे हे तिला माहीत होतं, पण तो पानाच्या आकाराचा आहे हे तिने आत्ता पाहिलं.

संध्याकाळी काका आंघोळीला निघाले. मोरीच्या दारात पाटी टेकवून ठेवलेली होती. "बादली हलवू नका."

काका म्हणाले, "मग मी आंघोळ कशात करू?"

मावशीने बोटाने स्वयंपाकघराकडे दाखवलं. ते चित्र होईपर्यंत काकांनी पातेल्यात पाणी घेऊन आंघोळ केली आणि ही हकीकत सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. पण चित्र पुरं झालं तेव्हा ते बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले. एकदा मोरीत जाऊन आले, पुन्हा उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, ही तर आपलीच बादली." यात नवल काय होतं ते त्यांनाही सांगता येईना, पण त्या दिवशी जेवताना ते गप्प होते, असं मावशी अजून सांगते.

मग ती थांबलीच नाही. चहाची गाळणी, इस्त्री, कपडे वाळत घालायचे चिमटे, काकांच्या चपला. चपलांच्या चित्रात डावी टाच उजवीपेक्षा जास्त झिजलेली होती. काकांनी चपला उलटून पाहिल्या आणि मग मला समजावलं, "खुर्चीपाशी उभा राहतो ना, सगळा भार या पायावर येतो." जणू हे चित्र काढणारीला माहीतच नसावं. लेकीने चांगला जाड कागद आणि दोन बारीक ब्रश पाठवले. ब्रशचे केस पिंजारले की काका चष्मा लावून, कात्री घेऊन बसत आणि ब्रशाची हजामत करून देत. "थोडे कमी केलेत, मागून हलकेच घेतलंय," असं वर सांगत.

महिना संपला. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली आणि मावशीच्या तोंडून जो आवाज निघाला तो खालचा, खरखरीत होता, शेगडीवर तवा ओढल्यासारखा. आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. काका म्हणाले, "चला, या वयात दुसरं लग्न केल्यासारखं वाटेल." मावशी हसली. तिला आधीच अंदाज आला असावा.

त्या आवाजात घोषणा होणं शक्य नव्हतं. आगारप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. माणूस भला होता. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चाचरत सांगितलं की हरवले-सापडले खोलीतला कारकून बदलून गेलाय, ती जागा चालेल का. मावशी एक दिवस रुसली. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन त्या खोलीवर हजर झाली.

ती खोली स्थानकाच्या टोकाला, शौचालयाच्या अलीकडे. एक खिडकी, एक टेबल, आणि तीन भिंतींना छतापर्यंत लाकडी फळ्या. मी पलीकडच्या गावातल्या शाळेत शिकवते, त्यामुळे गाडी बदलायला रोज संध्याकाळी मला त्या स्थानकावर थांबावं लागतं. पहिल्या आठवड्यात मी तिला भेटायला गेले तेव्हा वाटलं होतं, बिचारी कोपऱ्यात बसली असेल. मावशी स्टुलावर चढून सगळ्यात वरची फळी पुसत होती. वळून म्हणाली, "ये ये. हे बघ, किती आहे."

प्रवाशांनी गाडीत विसरलेल्या वस्तू होत्या त्या. छत्र्या तर ढीगभर. डबे, थर्मास, किटली, पोळपाट, गजराचं घड्याळ, गरम पाण्याची रबरी पिशवी, एक दूध तापवायचं भांडं, एका पायाचा बूट. माणसं बाजार करून, घर बदलून, माहेराहून निघून बसमध्ये बसतात आणि उतरताना काहीतरी मागे राहतंच. वाहक ती वस्तू इथे आणून देत. बाहेरच्या फलकावर कागद लागे. "छत्री, काळी, एक." "डबा, स्टीलचा, एक." असं वाचून कोण कशाला येतं? काळी छत्री सगळ्यांकडेच असते. ठरावीक मुदत संपली की त्या वस्तूंचा लिलाव व्हायचा आणि भंगारवाला पोत्यात भरून न्यायचा.

मावशीने रंगांचा डबा आणून टेबलाच्या खणात ठेवला. जेवणाच्या सुट्टीत ती एक वस्तू समोर घ्यायची. पहिली छत्रीच घेतली. काळी म्हणून लिहिलेली ती छत्री उन्हात विटून दुमडीच्या जागी तपकिरी झाली होती, आत काड्यांजवळ अजून जांभळट काळी होती. एक काडी निळ्या दोऱ्याने बांधलेली, आणि तो दोरा बांधणाऱ्याने शेवटी छोटीशी गाठ मारून टोकं अगदी बेताने कापलेली. मावशी म्हणाली, "ज्याने ही बांधली, त्याने घाईत नाही बांधलेली." चित्र झाल्यावर तिने ते फलकावर लावलं.

लोक थांबून बघायला लागले. गाडीची वाट बघताना माणसाला दुसरं काम काय असतं? कुणी म्हणे जाहिरात आहे, कुणी म्हणे शाळेच्या मुलांनी काढलंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक शिंपी खिडकीशी आला. त्याने चित्राकडे बोट केलं आणि म्हणाला, "ती गाठ माझी आहे."

त्यानंतर थर्मास गेला, गजराचं घड्याळ गेलं, किटली गेली. फळ्या मोकळ्या व्हायला लागल्या. आगारप्रमुख स्वतः येऊन चित्रं बघून गेले आणि म्हणाले, "बाई, आजवर आम्ही नुसते कागद चिकटवत होतो."

पण मग इस्त्रीचं प्रकरण झालं. चांगली जड इस्त्री होती, वायरीला कापडी वेष्टण, एका जागी जळाल्याचा डाग. मावशीने तो डाग मन लावून काढला होता. कडेला पिवळट, मग तपकिरी, मध्ये कोळशासारखा. एक माणूस आला, डाग कुठे आहे, केवढा आहे, मुठीचा रंग कोणता, सगळं धडाधड सांगितलं, सही केली आणि इस्त्री घेऊन गेला. दुसऱ्याच दिवशी एक मुलगी आली. नोकरीसाठी खोली घेऊन राहणारी, पहिल्या पगारातून घेतलेली इस्त्री. तिनेही तेच सगळं सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की तिसऱ्या नंबरवर ठेवली की खालचा दिवा लुकलुकतो. हे चित्रात नव्हतं, आणि मावशीलाही माहीत नव्हतं.

मावशीला फार लागलं ते. तिने घरची इस्त्री आणून त्या मुलीला दिली. मुलगी नको नको म्हणत होती, पण मावशीने ऐकलं नाही. काका पुढचे कितीतरी दिवस चुरगळलेल्या शर्टात दुकानात गेले आणि कुणी विचारलं तर "सध्या अशीच फॅशन आहे" असं सांगत राहिले.

आगारप्रमुख रागावले नाहीत. त्यांनी फक्त अडचण मांडली. "बाई, चित्रं सुंदर आहेत. पण सगळंच तुम्ही दाखवलंत, तर खरा मालक ओळखायचा कसा? आपण विचारायचं काय? तूर्तास चित्रं काढून ठेवा."

त्यांचं म्हणणं रास्त होतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. फलक पुन्हा रिकामा झाला. "छत्री, काळी, एक."

मी त्या रविवारी मावशीकडे जेवायला गेले होते. मावशी पानावर बसली होती पण लक्ष नव्हतं. काका नेहमीप्रमाणे बोलत होते. एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं, डोक्याच्या मागे टक्कल पडलंय आणि त्याला स्वतःला ते माहीत नाही, असं काहीतरी चाललं होतं.

"मग तुम्ही सांगितलंत का त्याला?" मी विचारलं.

"छे," काका म्हणाले. "मला सगळ्यांची डोकी पाठ आहेत. कुणाचं टक्कल कुठे, कुणाला लहानपणी कुठे खोक पडली, कुणाचे केस रंगवलेले. सगळं दिसतं, पण सगळं बोलायचं नसतं. एखादी गोष्ट पोटात ठेवावी लागते."

"तुम्ही?" मावशी म्हणाली.

"मी. का, माझ्या पोटात काही राहत नाही असं वाटतं तुला?"

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भात वाढू का आणखी?" आणि उत्तराची वाट न बघता वाढला. मला वाटलं ती चिडली. पण सोमवारी संध्याकाळी मी खोलीवर गेले तर टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी होते. दोन्हींवर एकच डबा. एका चित्रात झाकणावर खिळ्याने कोरलेलं छोटं फूल होतं, दुसऱ्यात झाकण कोरं.

"हे घरी राहील," फुलाच्या चित्रावर बोट ठेवून ती म्हणाली, "आणि हे बाहेर लावायचं. प्रत्येक चित्रात एक गोष्ट गाळायची. जो येईल त्याला विचारायचं, चित्रात काय चुकलंय."

आगारप्रमुखांनी दोन्ही कागद खिडकीपाशी नेऊन पाहिले आणि मान डोलावली. चित्रं पुन्हा फलकावर चढली.

गाळायचं काय, हे ठरवणं मात्र तिला जड जायचं. जे फक्त मालकालाच ठाऊक असणार तेच गाळायला हवं, आणि नेमकं तेच चित्रातलं सगळ्यात गोड ठिकाण असायचं. एकदा मी पाहिलं, ती एका दुधाच्या भांड्याच्या कानावरचा डाग रंगवायला ब्रश उचलायची आणि पुन्हा खाली ठेवायची. "इतका सुरेख डाग आहे," म्हणाली. "बाहेर लावायच्या चित्रात घालता येत नाही म्हणजे काय." कधी कधी घरच्या चित्रापेक्षा फलकावरच्या चित्रावर तिचा जास्त वेळ जायचा, कारण एखादी गोष्ट नसल्याचं कळू न देता ती जागा भरणं अवघड.

एका संध्याकाळी मी तिथे असतानाच एक बाई आली. साठीची असेल, हातात भाजीची पिशवी. फलकासमोर उभी राहिली ती उभीच राहिली. तिची गाडी लागली, सुटली, तरी हलली नाही. शेवटी खिडकीशी आली.

"ती किसणी माझी आहे," म्हणाली. मग जरा थांबून, "म्हणजे असावी. माझी इतकी छान नाहीये."

मावशी म्हणाली, "चित्र नीट बघितलंत?"

"बघितलं. चांगलं काढलंय हो. पण एक चूक आहे, सांगू का? राग नाही ना येणार?"

"सांगा की."

"खालच्या कोपऱ्यातली तीन भोकं चपटी आहेत. माझ्या मुलाने लहानपणी त्यावर दगड आपटला होता. तुम्ही ती सगळ्यांसारखी गोल काढलीत." आणि मग ओशाळून म्हणाली, "तुम्हाला ते दिसलं नसेल. बारीक आहे."

मावशीने फळीवरून किसणी काढून तिच्या हातात दिली. बाईने आधी कोपरा पाहिला, अंगठ्याने चाचपला, आणि मग पहिल्यांदाच बघावं तशी ती किसणी सगळीकडून फिरवून पाहिली. चित्रात मावशीने प्रत्येक भोकाच्या वरच्या ओठावर उजेडाचा एक ठिपका सोडला होता आणि खाली सावलीची चंद्रकोर. बाई किसणी उजेडात धरून ते ठिपके शोधत होती. "आहेत की," म्हणाली.

मग तिने हळूच विचारलं, "आता हे चित्र तुम्हाला लागणार नाही ना?"

मावशीने फलकावरून कागद उतरवला, टेबलावर ठेवला, बारीक ब्रश ओला केला. "थांबा, चूक दुरुस्त करून देते." तिने त्या जागचा रंग किंचित भिजवून ब्रशने टिपून घेतला, तीन भोकं चपटी केली आणि कागद फुंकर मारून वाळवला. बाई खिडकीवर कोपरं टेकून बघत होती. कागद हातात घेतल्यावर म्हणाली, "घरी लावलं तर हसतील सगळे. किसणीचं चित्र म्हणून." आणि तो अगदी जपून, दुमडू न देता, पिशवीतल्या भाजीच्या वर ठेवला. ती गेल्यावर मावशी बराच वेळ स्वतःशीच गुणगुणत होती. आवाज खरखरीत होता, पण सूर बरा होता.

त्या बाईने ते घरी लावलं असणार आणि सगळे हसलेही असणार. कारण त्यानंतर खिडकीशी वेगळीच माणसं यायला लागली. कुणाला आपला तवा काढून हवा, कुणाला सासूबाईंचा अडकित्ता. मावशी सगळ्यांना हात जोडायची. "इथे फक्त गाडीत हरवलेल्या वस्तूंचं काम होतं. बाकीचं नाही. वेळच नाही हो."

मग गेल्या महिन्यात शेवटच्या फलाटावरच्या गाडीच्या वाहकाने एक कंदील आणून दिला. जुना, पितळी टाकीचा, वर जाळी, आत काच. सीटवर मधोमध, फडक्यावर नीट उभा ठेवलेला सापडला म्हणाला. हरवलेली वस्तू अशी ठेवलेली नसते. ती घरंगळून सीटखाली गेलेली असते. मावशीने कंदील टेबलावर ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या बाकावर एक बाई बसली होती आणि दुसरीकडेच बघत असल्याचं दाखवत होती.

"मावशी, ती बघ," मी म्हटलं.

"दिसली," मावशी म्हणाली आणि तिने खणातून जाड कागद काढला.

नियमाप्रमाणे तिने कंदील परत करून टाकायला हवा होता. तिने तो खिडकीच्या उजेडात सरकवला, पेन्सिलीने आधी टाकीची गोलाई धरली, मग काचेचा उभा पोट सुटलेला आकार. संध्याकाळचं ऊन पितळेवर आलं होतं. मी माझी गाडी सोडून दिली. थोड्या वेळाने बाकावरची बाई उठली, दोनदा खिडकीपर्यंत येऊन परत फिरली आणि तिसऱ्यांदा मात्र बोलली.

"बाई, काचेला फार काजळी धरलीय. पुसून देऊ का?"

मावशीने मान वर केली नाही. ती काचेच्या वरच्या कडेला, जिथे काळं विरळ होत तपकिरी धुरासारखं होतं, तिथे पाणी सोडत होती.

"नको," ती म्हणाली. "राहू द्या. बसा तुम्ही, वेळ आहे."